कागदावर नसलेली आई

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आम्हाला दरवर्षी दोन शब्द बोलायला सांगतात. आम्ही गिरणीतली माणसं. तीन पाळ्या करत, मिळेल ते वाचत शिकलो, त्यामुळं विद्वानांसारखं बोलणं आम्हाला जमत नाही. पण या वर्षी विषय आमच्या मनाचा नाही. महिला मंडळाच्या ताईंनी सांगितलं, की भाऊ, या वेळी अक्काचा विषय घ्या. अक्कानंही परवानगी दिली. अट एकच, नाव घ्यायचं नाही, गाव सांगायचं नाही. म्हणून आम्ही तिला नुसतं अक्का म्हणू. ती कोणत्या समाजाची, हेही कृपा करून कोणी विचारू नये. बाईचं दुःख ऐकण्याआधी तिची जात विचारायची सवय आपणही पुष्कळदा इतरांकडून उचलतो.

अक्का पवन मावळातली. आज ती आमच्याच वयाची आहे. पोरसवदा वयात लोणावळ्यात एका बंगल्यावर कामाला लागली. धुणी-भांडी, झाडलोट, सीझनला पाहुणे आले की रात्री बारा वाजेपर्यंत स्वयंपाकघरात. चौथीपर्यंत शाळा झालेली. त्या बंगल्यावर असताना तिला दिवस गेले. बाप कोण, हे इथं सांगायचं कारण नाही. तो बंगल्यातच होता आणि बंगल्यातच राहिला. बाहेर पडली ती अक्का. घरच्यांनी गावात आणायचं नाही असं ठरवलं. ओळखीच्या एका बाईनं तिला शहरात एका ठिकाणी नेऊन ठेवलं आणि १९८८ च्या पावसाळ्यात ती तिथं बाळंत झाली. मुलगी झाली. तीन दिवस तिनं मुलीला अंगावर पाजलं. चौथ्या दिवशी एका कागदावर तिचा अंगठा घेतला. अक्का सांगते, "भाऊ, मला सही येत होती. मी म्हटलं सही करते. तर म्हणाले, अंगठाच लागतो." कागदावर काय लिहिलं होतं ते कोणी वाचून दाखवलं नाही. मुलगी चांगल्या घरी जाईल, तू आता मोकळी झालीस, एवढंच सांगितलं.

पुढं लग्न झालं, दोन मुलगे झाले, नातवंडं झाली. नवरा वारला. त्यानंतर ती पहिल्यांदा बोलली. तोपर्यंत कोणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. महिला मंडळाच्या एका ताईंबरोबर ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, माझ्या लेकीचा तपास लावा.

आम्हाला वाटलं होतं, की तपास म्हणजे पत्ता काढायचा, चार ठिकाणी विचारायचं, अर्ज करायचा. मोर्चे काढले, रेशनकार्डं काढून दिली, पेन्शनचे अर्ज भरले, मग हे का जमणार नाही? दोन वर्षं हेलपाटे घातले. शेवटी एका कारकुनानं दया येऊन जुनी नोंदवही उघडली. तारीख जुळत होती, महिना जुळत होता, मुलीचं वजनसुद्धा लिहिलेलं होतं. आणि आईच्या रकान्यात लिहिलं होतं, 'अज्ञात'. मूल कसं आलं त्या रकान्यात, 'टाकून दिलेलं'.

बंधूंनो, आम्ही आयुष्यभर कापडाच्या गिरणीत काम केलं. गिरणीत कापडाचा ताका निघतो. कुठल्या मागावर निघाला, कुठल्या पाळीत, कोणाच्या हातून, सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतं. डाग निघाला तर आठ दिवसांनी जॉबर त्या माणसाला बरोबर शोधून काढतो आणि पगारातून कापतो. कापडाच्या ताक्याचा जन्म सापडतो. तीन दिवस अंगावर पाजलेल्या लेकराची आई मात्र अज्ञात!

तिथल्या बाईंनी वर असंही ऐकवलं, की नियमानं मुलीनं येऊन विचारलं तर आम्ही बघू, आईनं विचारायचा नियम नाही.

आता इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. आम्ही दत्तकाच्या विरोधात नाही. आपल्याच गल्लीत दत्तक घेतलेली मुलं आहेत, त्यांच्या आई-बापांनी त्यांना पोटच्या पोरासारखं वाढवलं आहे, काहींनी त्याहून जास्त. पण टाकलेलं मूल वेगळं आणि काढून घेतलेलं मूल वेगळं. आपण दोघांना एकच शब्द वापरतो, आणि त्या शब्दाखाली अक्कासारख्या बाया गाडल्या जातात.

हा फरक दीडशे वर्षांपूर्वी आपल्या पुण्यातच कोणाला कळला होता? राष्ट्रपिता जोतीराव फुले आणि सावित्रीमाईंना. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेचं वाकडं पाऊल पडलं, किंवा खरं सांगायचं तर घरातल्याच पुरुषानं तिच्यावर जबरदस्ती केली, तर तिला दोनच वाटा होत्या. स्वतः विहीर जवळ करायची, नाहीतर लेकराचा गळा दाबायचा. जोतीरावांनी जाहीर पत्रकं लावली, की इथं येऊन गुपचूप बाळंत व्हा. आणि त्यात एक गोष्ट घातली, तिच्याकडं आपण नीट लक्ष देत नाही. मूल बरोबर न्यायचं की इथं ठेवायचं, ते त्या बाईच्या मर्जीवर सोडलं होतं. १८६३ साली! त्या काळात विधवेला स्वतःच्या डोक्यावरचे केस ठेवायची मर्जी नव्हती, आणि जोतीराव तिला लेकराबद्दल मर्जी विचारत होते. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो कोणाच्या पोटी आला हे त्यांनी लपवलं नाही. तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंच्या जोडीनं रोग्यांची सेवा केली. दत्तक असावं तर असं.

मग सव्वाशे वर्षांनी, त्याच पुणे जिल्ह्यात, चौथ्या दिवशी अंगठा घेण्यापर्यंत आपण कसे आलो?

आम्ही वाचून, विचारून जे समजून घेतलं ते सांगतो. साधारण १९७० नंतर आपल्या देशातून परदेशात दत्तक मुलं मोठ्या संख्येनं जाऊ लागली. तिकडं मुलं हवी असणारी जोडपी पुष्कळ, खर्च करायची तयारी. इकडं गरिबी आणि इभ्रतीची भीती पुष्कळ. मध्ये संस्था. त्यातल्या कित्येक चांगल्या होत्या, हे मान्य केलं पाहिजे. पण जिथं पैसा मध्ये येतो तिथं मालाची मागणी वाढते, आणि हा माल म्हणजे लेकरू. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी या प्रकाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं पत्रालाच याचिका मानलं आणि ६ फेब्रुवारी १९८४ ला न्यायमूर्ती भगवतींनी सविस्तर निकाल दिला. त्यात एक गोष्ट अगदी स्वच्छ लिहिली आहे. मूल जन्मायच्या आधी, किंवा जन्मल्यापासून तीन महिन्यांच्या आत, आईला मूल देऊन टाकण्याचा निर्णय घ्यायला प्रवृत्त करू नये, तशी परवानगीसुद्धा देऊ नये. कारण बाळंत झालेल्या बाईला तिच्या लेकराची ओळख व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ तिला दिला पाहिजे.

१९८४ चा निकाल. अक्काचा अंगठा १९८८ चा, चौथ्या दिवशीचा. हिशोब आपणच करा.

आता 'अज्ञात' का लिहितात? इथं सगळी मेख आहे. आई माहीत असली, की तिची संमती पाहिजे. ती अर्जावर सही करणार, तिला समजावून सांगावं लागणार, मुदत द्यावी लागणार, उद्या तिनं विचार बदलला तर मूल परत द्यावं लागणार. आई अज्ञात लिहिली की हे सगळं एका फटक्यात संपतं. मूल बेवारस, कोणाला विचारायचं नाही, फाईल पुढं सरकते. म्हणजे त्या नोंदवहीत अक्काचं नाव लिहायला कोणी विसरलं, असं समजू नका. तिचं नाव त्यांच्या वाटेत आडवं येत होतं.

हे आम्ही एका अक्कावरून बोलतो असं कोणी म्हणेल. म्हणून आणखी सांगतो. पुण्यातल्याच प्रीत मंदिर या संस्थेच्या दत्तक प्रकरणांबद्दल स्वयंसेवी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. गरीब आई-बापांची मुलं नीट संमती न घेता परदेशी दिली, असे आरोप होते. २०१० मध्ये उच्च न्यायालयानं तपास सीबीआयकडे दिला. चेन्नईत १९९९ साली एका मजुराचं लहान मूल रात्री घराबाहेर आईजवळ झोपलेलं असताना उचललं गेलं. काही वर्षांनी पोलिसांनी टोळी पकडली तेव्हा समजलं, की संस्थेमार्फत मूल हॉलंडला दत्तक गेलं आहे. ते आई-बाप हॉलंडच्या कोर्टापर्यंत गेले. झोपडपट्टीतली माणसं, ना भाषा, ना पैसा. तरी गेले.

आणि ही बाजू तिकडून पाहिली तर? अरुण डोहले नावाचे एक गृहस्थ आहेत. १९७० च्या दशकात पुण्यातून तान्हेपणी दत्तक गेले, जर्मनीत वाढले. मोठे झाल्यावर आईचा शोध घेऊ लागले. इथल्या संस्थेकडची स्वतःचीच कागदं बघायला मिळावीत म्हणून त्यांना मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढं सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. वर्षानुवर्षं झगडल्यावर आईचा पत्ता लागला. आता ते इतरांना मदत करतात. म्हणजे पाहा, तिकडं लेकरू कोर्टाच्या पायऱ्या चढतंय आणि इकडं आई कारकुनाच्या पाया पडतीय. दोघांच्या मध्ये एक कपाट, आणि कपाटाला कुलूप.

स्वित्झर्लंड देशात झुरिक आणि थुरगाव या दोन प्रांतांनी १९७३ ते २००२ या काळात भारतातून आलेल्या मुलांच्या फायली संशोधकांकडून तपासून घेतल्या. त्याचं पुस्तक २०२४ मध्ये निघालं. तपासलेल्या फायलींत जन्मदात्या आई-बापांचं संमतिपत्र मिळालं नाही. पुस्तकाच्या नावाचाच अर्थ होतो, 'आई अज्ञात'. आमच्या ताईंच्या मुलीनं मोबाईलवर हे वाचून दाखवलं तेव्हा अक्का तिथंच बसली होती. ती म्हणाली, "मंजी माझ्यासारख्या लई हायेत." बस, एवढंच बोलली आणि चहा ठेवायला उठली.

कोणी म्हणेल हा गरिबीचा प्रश्न आहे. गरिबी आहेच. पण इंग्लंड काही गरीब नव्हतं. तिथल्या संसदेच्या समितीनं २०२२ मध्ये अहवाल दिला, की १९४९ ते १९७६ या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये अविवाहित आयांची सुमारे १,८५,००० मुलं दत्तक दिली गेली. त्या आयांना घरच्यांनी, चर्चनं, दवाखान्यानं, सरकारी माणसांनी मिळून तसं करायला भाग पाडलं. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी २१ मार्च २०१३ ला संसदेच्या वतीनं अशा आयांची माफी मागितली. आयर्लंडच्या पंतप्रधानांनी २०२१ मध्ये मागितली, आणि पुढच्या वर्षी तिथं दत्तक गेलेल्यांना जन्माची माहिती मिळण्याचा कायदा झाला. तिकडं काय कमी होतं? अन्न होतं, घर होतं. इभ्रत मात्र आपल्यासारखीच होती, बाईच्या पोटावर टांगलेली.

म्हणून आम्ही आपल्या स्वतःच्या घराकडे बोट दाखवतो. अक्काला बंगल्यानं फसवलं, संस्थेनं अंगठा घेतला, हे खरं. पण तिला गावात यायचं नाही असं कोणी सांगितलं? आई-बापानं, चुलत्यानं, भावकीनं. दार घरानं लावलं म्हणून ती त्या दारात गेली. आज आपण वस्तीत बावीस प्रतिज्ञा म्हणतो. पण पोरीचं काही ऐकू आलं, की आपल्यातलेही कितीतरी जण पहिल्यांदा विचारतात, 'लोक काय म्हणतील?' आमचं हे बोलणं कोणाला लागलं तर लागू द्या.

किसा गोतमीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मेलेलं मूल खांद्यावर घेऊन ती दारोदार फिरली. तथागतांनी तिला सांगितलं, ज्या घरात कोणी मेलं नाही त्या घरातून मूठभर मोहरी आण. मोहरी मिळाली नाही, आणि तिला कळलं. पण अक्काला ही वाट नाही. तिचं मूल मेलेलं नाही. ती कोणाच्या दारात मोहरी मागणार? मेलेल्याचं दुःख पचतं, कधीतरी पचतं. आपली लेक कुठंतरी जिवंत आहे आणि तिला वाटतंय की आईनं आपल्याला टाकलं, हे कसं पचणार? आम्ही अक्काला विचारलं होतं, लेक सापडली तर काय करणार? म्हणाली, "मला ती परत नको. तिचं जे घर आहे ते तिचं. तिला एवढंच कळू द्या, की टाकली नव्हती."

आता कायद्याकडे येऊ. हे जरा रुक्ष आहे, पण घरातल्या बायकांनी कान देऊन ऐकावं.

परमपूज्य बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडलं त्यात दत्तकाचाही भाग होता. ते बिल अडवलं गेलं, आणि २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढं त्याच बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले. त्यातला दत्तकाचा कायदा २१ डिसेंबर १९५६ चा. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, पंधरा दिवसांनी हा कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे. त्या कायद्यात मूल दत्तक देण्याचा अधिकार बापाचा होता, आईची फक्त संमती. बाप मेला, संन्यासी झाला, धर्म बदलून हिंदू राहिला नाही किंवा कोर्टानं वेडा ठरवला, तरच आईला तो अधिकार. आईला बरोबरीचा अधिकार मिळाला २०१० च्या दुरुस्तीनं. चौपन्न वर्षं लागली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक निकाल दिला, की अविवाहित आई बापाचं नाव न सांगता मुलाची पालक होऊ शकते. हा निकाल अक्काच्या वेळी असता तर, असं मनात येतं.

अनाथ, सोडलेल्या आणि सुपूर्द केलेल्या मुलांसाठी आज चालतो तो २०१५ चा बाल न्याय कायदा. त्याप्रमाणे कोणालाही आपलं मूल द्यायचंच असेल, तर ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोरच द्यावं लागतं. दवाखान्यात नाही, वकिलाच्या टेबलावर नाही, स्टॅम्पपेपरवर नाही. समितीनं आधी आईशी बोलायचं, चौकशी करायची, मूल तिच्याजवळ राहील यासाठी काय करता येईल ते बघायचं. सही झाल्यावरही दोन महिने तिच्या हातात असतात. दोन महिन्यांत ती आपलं मूल परत मागू शकते. मुलाची खरेदी-विक्री केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड, आणि ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानंच, म्हणजे दवाखान्याच्या माणसानंही केली, तर तीन ते सात वर्षं.

कायदा चांगला आहे. पण एक भोक आहे. दत्तक गेलेलं मूल मोठं झालं की त्याला आपलं मूळ शोधता यावं, अशी तरतूद दत्तकाच्या नियमांत आहे. आईनं सुरुवातीला नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिची संमती घ्यायची, हेही रास्त आहे. पण आईला मुलाचा शोध घ्यायचा असेल तर? तिच्यासाठी नियमात वाट नाही. ज्या आईनं खुशीनं मूल दिलं तिला हे एकवेळ चालेल. पण जिला फसवलं, जिला अज्ञात केलं, तिला कोणत्या खिडकीवर उभं करता? दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना नावाचा देश आहे. तिथं लष्करी राजवटीत तुरुंगातल्या बायकांची बाळं काढून दुसऱ्यांना दिली. १९७७ पासून त्या बाळांच्या आज्या चौकात उभ्या राहिल्या. पुढं सरकारला त्यांच्यासाठी १९८७ मध्ये रक्ताच्या नात्याची बँक काढावी लागली. आजीचं रक्त तिथं ठेवलं, की नातू कधी आला तर जुळतो. एकशे तीसपेक्षा जास्त नातवंडं अशी सापडली. तिथं शोधायचा हक्क म्हाताऱ्यांनी मिळवला. आपल्याकडे तो मागायचीसुद्धा अजून कोणाला सवय नाही.

आम्ही अक्काच्या बाबतीत एवढं केलं, की तिच्या नावानं एक अर्ज आणि बरोबर लेकीला एक पत्र असं जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आणि त्या जागेच्या कार्यालयाकडे दिलं. मागणी एकच. हे पत्र त्या फायलीला लावून ठेवा. उद्या मुलगी आली आणि तिनं फाईल मागितली, तर आईचं पत्र तिच्या हातात पडावं. पोच घेतली, आवक नंबर घेतला. पत्रात काय आहे ते आम्ही सांगणार नाही, ते त्यांच्या दोघींचं आहे. खाली तिनं स्वतः सही केली आहे.

बोलता बोलता एक मनातली गोष्ट सांगून टाकतो. आपण दरवर्षी मुलांना भाजे, कार्ले, बेडसे या लेण्या दाखवायला नेतो. भाज्याच्या लेण्यात एक छोटा लेख आहे. बाधा नावाच्या एका बाईनं दान दिलं, ती नांगर हाकणाऱ्याची बायको, एवढाच मजकूर. दोन हजार वर्षं झाली. ना राणी, ना सावकारीण. शेतकऱ्याची बायको, आपल्यातली. तिचं नाव मावळच्या खडकात शाबूत आहे. आणि कार्ल्याला गेलात तर तिथं वासिष्ठीपुत्र पुळुमावी राजाचा लेख आहे. राजा स्वतःची ओळख आईच्या नावानं सांगतो. आपल्या महाराष्ट्र सरकारनंही १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढं आईचं नाव लावायचा नियम केला. बरं झालं. पण ज्या आयांची नावं आधीच खोडली त्यांचं काय, हे विचारायला आपण कमी पडता कामा नये.

आता कामाचं बोलून थांबतो, कारण भोजनदानाची वेळ झाली आहे आणि मागं स्वयंपाकाच्या भगिनी आमच्याकडे डोळे वटारून बघत आहेत.

आपल्या वस्तीत, किंवा तुम्ही ज्या बंगल्यांवर, हॉटेलांत, वीटभट्ट्यांवर कामाला जाता तिथं, एखादी पोर अडचणीत आली आहे असं कळलं, तर गावभर बोलू नका. महिला मंडळाच्या ताईंना सांगा. ताई तिच्या घरी जातील, दवाखान्यात बरोबर जातील. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा, तो रात्रीही लागतो. मूल ठेवायचं की द्यायचं, हे तिला ठरवू द्या. आणि द्यायचं ठरलं तर समितीसमोर, तिच्या नावानं, तिच्या सहीनं. कागदाची एक प्रत तिच्या हातात आली पाहिजे.

दुसरं, ज्यांना मूलबाळ नाही त्यांना. नर्स सांगते, अमक्या डॉक्टरकडे एक बाळ आहे, इतके इतके द्या, जन्मदाखला तुमच्याच नावानं काढून देतो. असं सांगणारे लोणावळ्यातही भेटतील, पुण्यातही भेटतील. त्या फंदात पडू नका. तो गुन्हा आहे, आणि त्या बाळाच्या मागं कुठंतरी एक अक्का उभी असते. सरकारी दत्तक संस्थेच्या म्हणजे काराच्या संगणकावर नाव नोंदवावं लागतं. वेळ लागतो, काही वर्षंही लागतात. फॉर्म भरायला आमची पोरं मदत करतील, पैसे घेणार नाहीत.

तिसरं, ज्या घरात दत्तक मूल आहे त्या आई-बापांनी त्याला सांगावं. जोतीराव-सावित्रीमाईंनी लपवलं नव्हतं. बाहेरच्या तोंडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू द्या. त्याची कागदं नीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, पावसाळ्यात भिंतीला ओल येते.

आणि अजून कोणाला अक्कासारखं काही सांगायचं असेल, मग ते चाळीस वर्षांपूर्वीचं का असेना, तर दर रविवारी बुद्धवंदनेनंतर महिला मंडळाच्या दोन ताई विहाराच्या मागच्या खोलीत बसतात. तिथं दुसरं कोणी नसतं. आम्ही पण नसतो.